चंद्रावर ओझं थांबतं का

बाय, ओझ्याखाली डोक्यावर घ्यायची तुझी चुंबळ अजून खुंटीला आहे. जुन्या हिरव्या लुगड्याची पट्टी पिळून केलेली, मधोमध तुझ्या डोक्याचा घाट बसलेली. तेराव्याला आलेल्या बायकांनी तुझी लुगडी घेतली, पितळी तांब्या घेतला, एका कानाची कढईसुद्धा एकीनं मागून नेली. चुंबळीला मात्र कोणी हात लावला नाही. रोज सकाळी घरातून बाहेर पडताना मी तिच्याकडे बघतो आणि न बघितल्यासारखं करतो. न बघितल्यासारखं करण्यात मी पहिल्यापासून पटाईत. तुझ्याइतकं ते कोणाला ठाऊक असणार?

तुला जाऊन आज एकोणीस दिवस झाले. भेटणारा जो तो म्हणतो, मास्तर, तुम्ही शिकलेले, तुम्हीच धीर सोडलात तर कसं व्हायचं. धीर सोडलेला नाही गं. रडायचं तेवढं रडून झालं. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो, त्यामुळे आईचं राहिलेलं रडणंही मी आत्ताच रडून घेतलं असं मला वाटतं. पण रडून जे हलकं व्हायला हवं होतं ते होत नाही. का होत नाही ते मला माहीत आहे, आणि ते तुलाच सांगायला पाहिजे.

थोरली बहीण म्हणून तू मला आईच्या मागं वाढवलंस, कुडपण गावी दिलेली तू दोन वर्षांत कुंकू पुसून परत आलीस, डोंगरातली लाकडं डोक्यावरून पोलादपूरच्या बाजारात उतरवलीस आणि मला महाडला सातवीच्या फायनलपर्यंत शिकवलंस, हे सगळं वाडीला पाठ आहे. तेराव्याला तेच तेच ऐकून माझे कान किटले. खरं असूनही किटले. कारण चंद्राबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही, आणि मला तर तेवढंच ऐकायचं होतं.

चंद्राचा विषय आपल्या घरात आणलास तो तू. पहाटे मोळी घेऊन निघायचीस तेव्हा पौर्णिमेनंतरच्या दिवसांत चंद्र महाडच्या अंगाला मावळायला टेकलेला असायचा. एकदा बाजारातून परत आल्या आल्या मला म्हणालीस, "शंकर, तो चांद माझ्यासंगती उतरतो रे. मी थांबली का थांबतो, चालली का चालतो. त्याच्या बी डोक्यावर वझं हाय काय?"

मी हसलो, पण मनातून खूश झालो. रशियानं चंद्रावर यान आदळवलं ते तेच वर्ष. महाडहून येणारं वर्तमानपत्र शाळेत हातोहात फिरत होतं. मी वाचनालयातून ग्रहताऱ्यांचं एक पुस्तक आणलं होतं आणि दिसेल त्याला चंद्र शिकवत सुटलो होतो. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशातली माझी गत. तू आपण होऊन विचारलंस म्हटल्यावर मी देवापुढचा नारळ उचलून अंगणात आणला.

"अरे मेल्या, देवाचा हाय तो!"

"आता ही पृथ्वी आहे," मी म्हणालो. "आणि हा आवळा म्हणजे चंद्र. असे साडेतीनाहून थोडे जास्त आवळे ओळीनं मांडले की नारळाची रुंदी भरते. आता तू सांग, आवळा नारळापासून किती लांब ठेवायचा?"

तू वीतभर अंतर ठेवलंस. सगळेच तेवढं ठेवतात. मी आवळा उचलला आणि सात हातांवर, पार तुळशीपाशी नेऊन ठेवला. मधे तीस नारळ ओळीनं मावतील एवढं अंतर. तू कमरेवर हात ठेवून नारळाकडून आवळ्याकडे आणि आवळ्याकडून नारळाकडे बघत राहिलीस.

"एवढ्या लांबनं म्हाडच्या खाडीचं पानी वढतो काय रे तो? एवढुसा असून?"

"ओढतो. म्हणून तर भरती येते."

"मंग अंगानं एवढुसा, पन वढ हाय त्याला."

मग मी तुला आणखी चक्रावून टाकायला निघालो. म्हटलं, नारळ आतून कोरला आणि त्यात आवळे कोंबले, तर जवळजवळ पन्नास मावतील. पण नारळ एका पारड्यात घातला तर दुसऱ्या पारड्यात पन्नास आवळे पुरणार नाहीत. एक्याऐंशी घालावे लागतील. असं का, ते मी पुस्तकातून तीनदा वाचून समजून घेतलं होतं. तू चूल सारवायचा हात तसाच ओला ठेवून म्हणालीस, "म्हंजे दगडच हलका त्याचा. पृथ्वी खैराची नि चांद पांगाऱ्याचा."

बाय, त्या पुस्तकात पानभर लिहून जे समजावलं होतं ते तू एका जड नि एका हलक्या लाकडाच्या झाडात सांगून मोकळी झालीस. मी दुसऱ्या दिवशी वर्गात तसंच सांगितलं. मुलांना पटकन कळलं. कोणाचं वाक्य आहे हे मात्र मी सांगितलं नाही. तिथून सुरुवात झाली म्हण.

त्या दिवसांतल्या संध्याकाळी आठवल्या की मला अजून बरं वाटतं. तू भाकऱ्या थापायचीस आणि मी शेजारी बसून चंद्र सांगायचो. चंद्रावर हवा नाही, म्हणून तिथं भर दिवसा आकाश काळं. वारा नाही. आवाज नाही. तू तव्यावरची भाकरी उलटताना थांबलीस. "मंग हाक मारली तर?" मी म्हटलं, समोरच्या माणसालासुद्धा ऐकू जाणार नाही. "मंग नको रे बाबा. हाक जात नाय ते कसलं गाव?" आपल्या वाडीतून पलीकडच्या डोंगरावर हाक घालून तू गुरं वळवायचीस, तुला ते कसं पटावं?

आणि वजनाचं सांगितलं त्या दिवशी तू मला अडवलंस. मी म्हणालो होतो, चंद्रावर प्रत्येक वस्तूचं वजन सहावा भाग. तू हिशेबाला पक्की. म्हणालीस, "चांद एक्याऐंशी पट हलका ना? मंग वझं एक्याऐंशीवा भाग का नाय? सहावा कसा?"  खरं तर मला हा प्रश्न पडलाच नव्हता. तीन दिवस मी पुस्तकात डोकं घातलं. मग सांगायला लागलो की चंद्र हलका आहे, पण लहानही आहे, त्यामुळे त्यावर उभा राहिलेला माणूस त्याच्या मध्याच्या जवळ असतो, आणि जवळ असलं की ओढ जास्त. तू मला पुरतं बोलूच दिलं नाहीस. चुलीकडे बोट केलंस. "बारकी चूल बी जवळ बसलं का शेकते. मंग असं सांग की!" आपण दोघं किती हसलो होतो. मला वाटतं माझ्या सगळ्या मास्तरकीत मी एवढा चांगला तास घेतला नाही, आणि तो घेतला तोही तूच.

मग शाळेची तपासणी आली.

तपासणीचे साहेब सातवीच्या वर्गात खुर्ची टाकून बसले होते. शेजारी हेडमास्तर. मी मुद्दाम चंद्राचा पाठ काढला होता. नारळ, आवळा, सात हात, पन्नास आणि एक्याऐंशी, खैर आणि पांगारा, सगळं झालं. साहेब मान डोलवत होते. नेमकी त्याच वेळी माझी भाकरी द्यायला तू वऱ्हांड्यात आलीस, डोक्यावर मोळी. मला वाटलं, वा, चालतंबोलतं उदाहरण दारात आलं.

"बाय, आत ये."

"वझ्यासकट?"

"ओझ्यासकटच ये."

मान वाकवून तू दारातून आत आलीस. लाकडं चौकटीला घासली, मुलं खुदखुदली. मी म्हणालो, ही मोळी नव्या मापात तीस किलो धरा. चंद्रावर किती? सगळा वर्ग ओरडला, "पाच!" तू हसलीस. "पाच किलो? मंग मी तिकडंच ऱ्हायाला जाते की!" साहेबसुद्धा मोठ्यानं हसले. ते हसू चांगलं होतं. तिथं मी तुला भाकरी ठेवून जा म्हटलं असतं तर आज हा कागद लिहायची वेळ आली नसती.

पण तू तिथंच उभी राहिलीस. तुझा चेहरा मला माहीत होता, काहीतरी अडलं की कपाळाला एकच आठी पडायची. सगळ्यांदेखत तू मला पहिल्यांदा मास्तर म्हणालीस.

"पन मास्तर, वझं हलकं झालं ते झालं. उतरनीला वझ्याला धाव असते. आपन थांबलो तरी ते थांबत नाय, फुडं ढकलतं. ती धाव बी सहावा भाग व्हईल काय?"

मला उत्तर माहीत नव्हतं. माहीत नाही, बघून सांगतो, असं म्हणायला किती वेळ लागतो? घरात चुलीपाशी मी तसं दहादा म्हटलं होतं. पण तिथं साहेब होते. मी छाती काढून म्हणालो, "होणारच. वजन गेलं की सगळंच गेलं. चंद्रावर तुझी मोळी एका बोटानं थांबेल."

"मला नाय वाटत तसं. लाकडं तीच ना? तेवढीच ना? नि माझं पाय तर हलकं झालं. भुईला रुतायचं नायत. मंग त्या धावंला अडवायचं कशानं? मी तर उलट पडायची."

साहेबांनी भुवई वर केली. हेडमास्तर माझ्याकडे बघायला लागले. आणि माझ्या तोंडून ते वाक्य गेलं. "शास्त्र डोक्यानं शिकायचं असतं बाय, डोक्यावरच्या चुंबळीनं नाही."

वर्ग खिदळला. साहेब पोट धरून हसले. मोळीखाली तुझी मान ताठ होती, त्यामुळे तुला खालीही बघता आलं नाही. तू तशीच मागे सरकत, दाराचा अंदाज घेत बाहेर गेलीस. माझ्या नावापुढे साहेबांनी शेरा लिहिला, पाठ उत्तम, विनोदबुद्धी चांगली.

संध्याकाळच्या आत ते वाक्य वाडीत पोचलं. शेजारच्या तात्यांना तर आयतं कोलीतच मिळालं. "काय चांदोबाची मास्तरीण, आज काय शिकवलंन आमच्या पोराना?" ते नाव तुला चिकटलं ते चिकटलंच. पाणवठ्यावर, बाजारात, लग्नात. मी तात्यांना कधी गप्प केलं नाही. एकदोनदा तर त्यांच्याबरोबर हसलो.

तू भांडली असतीस तर बरं झालं असतं. चार शिव्या घातल्या असत्यास तर मी पाय धरले असते.  पण त्या दिवसापासून तू शाळेच्या वऱ्हांड्यात पाऊल टाकलं नाहीस. भाकरी फडक्यात बांधून कुंपणाच्या मेढीला अडकवून जायचीस. आणि चंद्राबद्दल तू मला पुन्हा काही विचारलं नाहीस. रशियानं चंद्राच्या पाठीचा फोटो काढला तेव्हा मी तो कागद मुद्दाम तुझ्यापुढे धरला. आजवर कोणी न पाहिलेली बाजू, बघ तरी. तू चुलीतलं लाकूड पुढे सारत म्हणालीस, "पाठीला बी देवीचे वण दिसत्यात," आणि कागद परत दिलास. चुलीपाशी मी बसायचो अजून, पण तुझा प्रश्न म्हणून काही यायचा नाही.  माझ्या शिकण्यातला अर्धा भाग तिथं बंद पडला.

पुढच्या उन्हाळ्यात मी शाळेच्या पुस्तकांसाठी महाडला गेलो होतो. भरतीची वेळ होती. सावित्री नदीला पाणी चढलं होतं आणि दासगावकडून मिठाची भरलेली होडी काठाला लागत होती. मी काठावर उभा. होडी इतकी अलगद येत होती की मला वाटलं, पायानं जरा थोपवावी, माणसांना मदत होईल. मी पाय पुढे केला. नावाडी ओरडला, "मास्तर, पाय काढा!" पण तोवर होडीनं माझा पाय काठाच्या दगडावर चेपला. अंगठ्याचं नख जागच्या जागी उचकटलं. डोळ्यांपुढे दिवसाढवळ्या चांदण्या दिसल्या.

नावाड्यानं मला खाली बसवलं, पाय पाण्यात धरला आणि वर चार शब्द सुनावले. "पान्यात हाय म्हनून हलकी वाटली काय? वजन पान्यानं घेतलंय, मास्तर. धाव नाय घेतली."

तिथं, ओल्या दगडावर, पाय ठणकत असताना मला सगळं कळलं. पाणी होडीचं वजन पेलतं, म्हणून मुंगीच्या पावलानं येताना ती हलकी वाटते. पण आतलं मीठ तेवढंच असतं. तिला थांबवायला तेवढाच जोर लागतो. चंद्रावर तुझ्या मोळीचं वजन सहावा भाग होईल, पण लाकडं तीच आणि तेवढीच राहतील. धाव तीळभर कमी होणार नाही. आणि पायांची पकड मात्र सहावा भाग उरेल. उतारावर थांबायचं म्हटलं तर माणूस पडणारच. तू वर्गात अक्षरशः हेच म्हणाली होतीस. साहेब, हेडमास्तर, मी आणि चाळीस पोरं एका बाजूला, तू मोळीखाली एकटी, आणि खरं तुझं होतं.

एस्टीत बसून पोलादपूरला येईपर्यंत मी मनात वाक्य जुळवलं होतं. बाय, तुझं बरोबर होतं, माझं चुकलं. वाडी चढताना लंगडत लंगडत मी ते पुटपुटत होतो. दारात तू दिसलीस आणि विचारलंस, "काय केलंस पायाला?" मी म्हणालो, "दगडावर आपटला."

माझा पाय मांडीवर घेऊन तू हळद आणि तेल गरम करून लावलंस. अंगठा उजेडाकडे फिरवून बघितलास. "आपटलेला नाय हा. चेपलाय. चालतं वझं आडवलंस कायतरी." मी म्हणालो, दगडच होता. तू वर बघितलंस, मग चिंधी बांधून गाठ मारलीस. जो पाय तुझ्या बाजूनं साक्ष देत होता तो तुझ्याच मांडीवर होता, आणि मी खोटं बोललो. तुला तेव्हाच कळलं होतं का गं? मला वाटतं, कळलं होतं. आणि तू मला सांगायला वेळ देत होतीस.

असा वेळ तू मला वर्षानुवर्षं दिलास. दर वर्षी सातवीला चंद्राचा पाठ यायचा. मी वजन शिकवायचो, हवा शिकवायचो, खड्डे शिकवायचो. धाव सोडून द्यायचो. एकदा एका मुलानं विचारलं, गुरुजी, चंद्रावर बैलगाडी थांबवायला सोपी का? मी म्हणालो, परीक्षेला नाही ते. घरी येऊन तुझ्या हातचं जेवलो.

आपलं दुसरं भांडण मात्र चालूच होतं. मी म्हणायचो, पगार आहे, आता ओझी उचलणं सोड, म्हैस विकून टाक. तू म्हणायचीस, "बसून खाल्लं तर हाडं गंजतील." मी म्हणायचो, लोक मला नावं ठेवतात, मास्तराची बहीण भारे वाहते. तू म्हणायचीस, "ठेवूं देत. मला बी ठेवलंय एक."  मी शाळेची पिशवी उचलायचो आणि तू भाऱ्याला निघायचीस.

यंदाचा भाद्रपद सरत आला होता. वाटेवरच्या दगडांना शेवाळ तसंच होतं. म्हशीसाठी तू ओल्या गवताचा भारा घेऊन उतरत होतीस आणि खालच्या वळणावर पडलीस. तुला दाराच्या फळीवर घालून घरी आणलं. डॉक्टर येऊन गेले, कमरेचं हाड मोडलंय म्हणाले. मग छातीत कफ भरला. एकूण आठ दिवस तू होतीस. आठ दिवस मी रजा काढून उशाशी बसून होतो. रोज सकाळी ठरवायचो, आज सांगायचं.

तिसऱ्या दिवशी दुपारी तुला जरा हुशारी वाटत होती. पेज दोन घोट घेतलीस. मग छताकडे बघत म्हणालीस, "मी थांबली होती रे शंकर. वळनाला पाय रोवून थांबली. भाराच थांबंना."

आणि माझ्याकडे बघितलंस.

त्या बघण्यात टोमणा नव्हता. मी ते बघणं तेव्हापासून उलटंसुलटं करून पाहतो आहे, टोमणा सापडत नाही. तू फक्त विचारत होतीस. चुलीपाशी विचारायचीस तसं. इतक्या वर्षांनी तू मला चंद्राचा प्रश्न पुन्हा विचारलास, तोही मोडलेल्या कमरेनं, आणि मला उत्तर माहीत होतं. वाक्य माझ्या जिभेवर होतं. मी म्हणालो, "बोलू नको, दम लागेल."

तू डोळे मिटलेस. म्हणालीस, "बरं मास्तर."

ते शेवटचं नव्हतं. त्यानंतर तू पाणी मागितलंस, म्हशीचं विचारलंस, कोणाकोणाला हाका मारल्यास. पण मला तू बोललीस ते तेवढंच, असं माझ्या कानाला वाटतं. मला शंकर म्हणणारं या जगात तुझ्याशिवाय कोणी नव्हतं, आणि तूही जाता जाता मास्तर म्हणून गेलीस.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला. कावळे होते, पलीकडच्या झाडावर चांगले पाचसहा बसले होते. एकही खाली येईना. पिंडाला कावळा शिवला म्हणजे गेलेल्याची इच्छा उरली नाही, यावर माझा विश्वास नाही. मी मुलांना शिकवतो, कावळ्याला भूक लागली की तो येतो. पण तुझ्या पिंडासमोर मी हात जोडून उभा होतो आणि कावळे येत नव्हते. माणसं एकेक करून बोलायला लागली. बाय, म्हशीची काळजी करू नको. बाय, घराला कुलूप पडनार नाय. मी म्हणालो, म्हैस विकणार नाही. कावळे जागचे हलले नाहीत. ऊन चढत गेलं. भटजी घड्याळ बघायला लागले.

मग तात्याच पुढे आले. तेच, चांदोबाची मास्तरीण नाव ठेवणारे. म्हातारे झालेत आता, डोळे पाणावले होते. मला म्हणाले, "मास्तर, तिचं कायतरी ऱ्हायलंय. तुमालाच ठावं असंल. बोलून टाका."

सगळी वाडी माझ्याकडे बघत होती. त्या दिवशी वर्गात हसलेली पोरं आता मिशा फुटलेली होती, तीही उभी होती. हेडमास्तर आले होते. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं की बाय, तुझं खरं होतं. कावळ्यासाठी नाही, या माणसांसाठी म्हणायचं होतं. त्यांनी ऐकलेलं एक वाक्य मला त्यांच्याच कानातून काढायचं होतं. मी जोडलेले हात सोडले. म्हणालो, "काही राहिलेलं नाही."

शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला टेकवला. न आलेल्या कावळ्याची गवताची सोय. तुझ्या वाटणीला शेवटीही गवतच आलं.

मी स्वतःची कीव करून घेत नाही बाय. कीव करून घेणं सोपं आहे, त्यात माणसाला बरं वाटतं. मी एवढंच मांडून ठेवतोय की मी तुला एकदा हसलो ते घाबरून हसलो, पण नंतर गप्प राहिलो ते समजून उमजून. पहिल्याला तू केव्हाच माफ केलं असशील. दुसऱ्याचं मला माहीत नाही. आणि तू जिथं आहेस तिथं हाक जाते की नाही, हेही मला माहीत नाही.

काल मी शाळेत पुन्हा रुजू झालो. सकाळी निघताना खुंटीवरची चुंबळ काढली आणि पिशवीत घातली; संध्याकाळी ती परत खुंटीला लावली. वर्गात आढ्याला विहिरीचा दोर बांधून भाताचं पोतं टांगलं, बरोबर तीस किलोचं. मुलांना म्हणालो, हे हाताखाली घ्या, जड लागतं का? एकेकानं तळहात लावून पाहिला. नाही गुरुजी, दोरानं धरलंय. मग मी पोतं मागे नेऊन सोडलं आणि म्हटलं, आता थांबवा. वर्गातला सगळ्यात दांडगा मुलगा पुढे झाला आणि पोत्यानं दोन पावलं मागे ढकलला गेला. पोरं हसली, तोही हसला. प्रत्येकाला करून बघायचं होतं. अर्धा तास नुसता दंगा.

शांत झाल्यावर मी चुंबळ टेबलावर ठेवली. म्हटलं, वजन दोरानं घेतलं, धाव घेतली नाही. चंद्रावरही असंच. वजन सहावा भाग होतं, धाव तेवढीच राहते आणि पायाची पकड कमी होते. आता म्हणे अमेरिका तिथं माणूस उतरवणार आहे. उतरणाऱ्यानं हे शिकून जावं. हे मला पुस्तकानं शिकवलं नाही. माझ्या बहिणीनं, याच वर्गात, याच दारात उभं राहून सांगितलं होतं, आणि तिचं बरोबर असताना मी सगळ्यांपुढे तिला हसलो. काय म्हणून हसलो तेही सांगितलं, शब्द न शब्द. तात्यांची नात पहिल्या बाकावर बसते. घरी जाऊन ती आजोबांना सांगणार हे मला माहीत होतं. सांगावं म्हणूनच मी सांगत होतो.

कोणी हसलं नाही. सगळी चुंबळीकडे बघत होती. मला वाटलं, सुटलो. मग तात्यांच्या नातीनं बोट वर केलं.

"गुरुजी, तुमचं चुकलंय हे तुमाला कळलं, तवा तुमी बायला सांगितलंत काय?"

पोतं अजून थोडं हलत होतं. मी त्याला हात लावून थांबवलं.

"नाय," मी म्हणालो.